चौकटीबाहेरचें संकट

अतिपरिचयानें माणसांविषयीं अनादर उत्पन्न होतो, हें आपण सारेच जाणतों. परंतु संकटासहि तोच नियम लागू पडतो, हें मात्र आपण विसरतों. निसर्गाचें रौद्र रूप चित्रांत पकडूं पाहणाऱ्यांना तर हा विसर फार लौकर पडतो. जपानांतील उंझेन ज्वालामुखीचा इतिहास या दृष्टीनें मननीय आहे.

क्यूशू बेटावरील हा पर्वत कांहीं निरुपद्रवी म्हणून प्रसिद्ध नव्हता. १७९२ सालीं त्याच्या परिसरांतील मायुयामा डोंगर समुद्रांत कोसळून उसळलेल्या लाटांनीं सुमारें १५,००० माणसें प्राणांस मुकलीं होतीं. पुढें जवळजवळ दोनशें वर्षें शांत राहून नोव्हेंबर १९९० मध्यें तो पुन्हां जागा झाला. १९९१ च्या मे महिन्यांत शिखरावर घट्ट लाव्ह्याचा घुमट वाढूं लागला, आणि २४ तारखेपासून त्याचे कडे तुटून तप्त राख, वायु व दगड यांचे लोट मिझुनाशी नदीच्या खोऱ्यांतून खालीं धांवूं लागले.

देखावा अपूर्व होता. जेथून तो समोरासमोर दिसे, त्या किता-कामिकोबा या ठिकाणीं छायाचित्रकार जमले. रहिवाशांना तेथून हलण्यास सांगण्यांत आलें होतें. पण लोट येत आणि अलीकडेच थांबत. थांबलेला प्रत्येक लोट पुढचा लोटहि थांबेल याचा पुरावा नव्हता; पाहणाऱ्यांना मात्र तो तसा वाटूं लागला असावा.

हें अज्ञानामुळें झालें, असेंहि म्हणतां येत नाहीं. ज्वालामुखींचें चित्रण करण्यांत आयुष्य घालविलेलें मोरिस व काटिया क्राफ्ट हें फ्रेंच दांपत्य तेथेंच होतें. सोबतचे अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ग्लिकन यांच्याच जागीं १९८० मध्यें माउंट सेंट हेलेन्सच्या निरीक्षणास गेलेले डेव्हिड जॉन्स्टन स्फोटांत मरण पावले होते. संकटाचें ज्ञान आणि संकटाचें भान या दोन गोष्टी भिन्न आहेत.

३ जून १९९१ रोजीं दुपारीं चारच्या सुमारास मोठा लोट आला. त्याचा जड भाग खोऱ्यांतून गेला. परंतु वरचा तप्त मेघ खोरें सोडून पसरला. ४३ माणसें मेलीं. त्यांत हे तीन शास्त्रज्ञ व वृत्तसंस्थांचीं माणसें होतीं. पण त्यांच्या मोटारी हांकणारे चालक, दोन पोलीस आणि अग्निशमनदलाचे बारा स्वयंसेवकहि होते. हे स्वयंसेवक आधीं मागें हटले होते. कांहीं वार्ताहर रिकाम्या घरांतील वीज वापरतात असें आढळल्यावर पहाऱ्यासाठीं ते परतले होते. त्यांना कोणतेंहि चित्र घ्यावयाचें नव्हतें. या शोकांतिकेंत आम्हांस सर्वांत अधिक बोचतें तें हेंच.

तथापि क्राफ्ट दांपत्याचें कार्य व्यर्थ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. १९८५ मध्यें कोलंबियांत नेव्हादो देल रुइझच्या उद्रेकानें सुमारें २३,००० लोकांचा बळी घेतल्यानंतर त्यांनीं लोकांस सावध करण्यासाठीं आपल्या चित्रणाचा उपयोग केला. फिलिपाइन्समध्यें तें दाखविलें गेलें व लोकांनीं घरें सोडावीं म्हणून त्याची मोठी मदत झाली. त्यांच्या मृत्यूनंतर बारा दिवसांनीं, १५ जून रोजीं, तेथील पिनातुबोचा महास्फोट झाला.

ज्यांनीं जगास सावध केलें, तेच त्या दिवशीं असावध राहिले. त्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु अधिक जवळून घेतलेलें चित्र मागणारे, घरीं सुरक्षित बसलेले आपण वाचकहि त्या चौकटीबाहेर उभे आहोंत. दुरून घेतलेल्या चित्रावर संतुष्ट राहण्यास आपण शिकलों, तर कोणा चालकाचा वा स्वयंसेवकाचा जीव वांचेल.