लाल दिवा काय सांगतो? : मोटारीच्या इशारादिव्यांचा इतिहास

अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, रणगाड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा येथे आहे. १९९४ मध्ये उभारलेले कॅव्हलरी टँक म्युझियमही येथेच आहे. त्यातील रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर बांधलेली चिलखती मोटार बघायला लोक मुद्दाम जातात. बहुतेकांची नजर तिच्या पोलादावर आणि बुरुजावर असते. मला मात्र तिच्याकडे पाहताना वेगळाच प्रश्न पडतो : हिच्या इंजिनात काही बिघडले, तर ते चालकाला कळत कसे असेल?

त्या पिढीच्या मोटारींत लाल-पिवळ्या इशारादिव्यांची रांग नव्हती. तेलाचा दाब काट्याच्या तबकडीवर पाहायचा आणि बाकीचे कानाने, नाकाने, हाताने ओळखायचे. मोटार चालवणारा अर्धा फिटर असे. ‘डॅशबोर्ड’ हा शब्दही मोटारीचा नव्हे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावत, तिचे हे नाव. चिखल अडवणारी फळी पुढे बातमी देणारी फळी झाली. ती बातमी कोणासाठी आणि किती द्यायची, हा या लेखाचा विषय आहे.

१९४५ ते १९४९ या काळात निघालेली एम.जी. टी.सी. ही ब्रिटिश दोन-आसनी स्पोर्ट्स कार पाहा. तिच्यात तेलाच्या दाबाचा काटा होता, विद्युतप्रवाह मोजणारा अमीटर होता, आणि त्यांच्या जोडीला इग्निशनचा दिवा. शिवाय वस्तीतील ताशी ३० मैलांच्या वेगमर्यादेची आठवण देणारा एक हिरवा दिवाही होता. ही मर्यादा ब्रिटनमध्ये १९३५ पासून लागू झाली होती. आता १९६२ ची ट्रायम्फ स्पिटफायर घ्या. तीही स्पोर्ट्स कारच. पण तेलाचा काटा गेला आणि त्या जागी दिवा आला. स्पिटफायर जिच्यावरून बेतली, ती हेराल्ड आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होत होती. तिच्या एकुलत्या मोठ्या तबकडीत हेच दिवे होते.

काटा जाऊन दिवा का आला? दिवा स्वस्त पडतो, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे : मोटार आता मालक स्वतः चालवू लागला होता. काटा ‘किती’ ते सांगतो आणि तो वाचायला सवय लागते. दिवा फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. इंग्रजी बोलीत या दिव्यांना मूर्खांचे दिवे म्हणत, ते यामुळेच. मला हे नाव अन्यायाचे वाटते. दिवा मूर्खांसाठी नाही. तो कसा पेटतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तो बरेच सांगतो.

इग्निशनचा लाल दिवा घ्या. त्याचे एक टोक चावीमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोला जोडलेले असते. चावी फिरवली की डायनॅमो थांबलेला असल्यामुळे प्रवाह दिव्यातून वाहतो आणि दिवा लागतो. इंजिन फिरू लागले की डायनॅमोचा दाब बॅटरीइतका होतो, दोन्ही टोके समान होतात आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा ‘बिघाड’ दाखवत नाही, दोन दाबांमधला फरक दाखवतो. मंद गतीला तो मिणमिणला तर घाबरायचे कारण नाही. वेग घेतल्यावरही तेवत राहिला तर आधी फॅनबेल्ट बघावा. अनेक जुन्या गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो. पट्टा तुटला की चार्जिंग जाते आणि इंजिनही तापते. इंजिनाचा वेग वाढेल तसा दिवा आणखी उजळत असेल, तर डायनॅमो वीज देतो आहे पण ती बॅटरीपर्यंत पोचत नाही, असे समजावे. तेव्हा कटआउट आणि त्याच्या जोडण्या तपासाव्यात.

तेलाच्या दिव्याचे गणित निराळे. इंजिनावरच्या छोट्या स्विचमध्ये तेलाचा दाब उतरला की तार सांगाड्याला टेकते आणि दिवा लागतो. हा स्विच साधारणतः दर चौरस इंचाला ५ ते १० पौंड दाबावर काम करतो. टी.सी.सारख्या इंजिनात चालताना हा दाब ४० ते ६० पौंड असावा लागतो. म्हणजे दाब निम्म्यावर आला तरी दिवा गप्पच! हा दिवा पहिला इशारा नव्हे, शेवटचा आहे. रस्त्यात तो लागला की इंजिन ताबडतोब बंद करावे. तेलाची पातळी पाहावी. मग स्विचवरची तार काढून चावी फिरवावी. तरीही दिवा जळत असेल तर तार कुठेतरी सांगाड्याला घासते आहे. विझला तर दोष स्विचचा किंवा खरोखरच दाबाचा. त्याचा निवाडा हाताने जोडलेल्या दाबमापकानेच करावा. तोवर इंजिन चालवू नये.

आणि चावी फिरवूनही दिवा लागलाच नाही तर? हा सर्वांत फसवा प्रसंग. न पेटलेला दिवा आणि फुटलेला बल्ब बाहेरून सारखेच दिसतात. डायनॅमोऐवजी अल्टरनेटर बसवलेल्या अनेक गाड्यांत तर या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब गेला किंवा हौसेने त्याजागी एलईडी लावला, तर चार्जिंग सुरूच न होण्याचा संभव असतो. त्यात अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तिथे एलईडी उलटा बसला की पेटतच नाही. सुधारणा करायला जावे आणि बिघाड ओढवून घ्यावा, तो असा.

पुढे दिव्यामागे संगणक आला. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींत स्वयंनिदानाची दुसरी पिढी सक्तीची झाली. आपल्याकडे ती भारत स्टेज-४ च्या काळात रुळली. आता पिवळा दिवा लागला की यंत्र जोडून सांकेतिक क्रमांक वाचतात. नव्या वाहनांना मान्यता देणाऱ्या चाचणीसंस्थांच्या केंद्रीय यादीत नगरच्या ‘व्हेईकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट’चे नाव आहे. म्हणजे एकाच गावात काट्यांच्या काळातली मोटार जपलेली आहे आणि संगणकाच्या काळातल्या मोटारी तपासल्याही जातात.

२०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरील ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार केलेले नसावेत, ही तिची अट. नियम लोखंड सांभाळतो, हे चांगलेच झाले. पण मिणमिणणाऱ्या आणि उजळत जाणाऱ्या दिव्यातला फरक ओळखणारी नजर कोणत्याही नोंदणीपुस्तकात उतरत नाही. ती गॅरेजमध्ये एका मेस्त्रीकडून दुसऱ्याकडे तोंडी जात आली आहे. जुन्या मोटारीला जोडायला संगणकाचे यंत्र नाही. ही नजर हरवली, तर तिचा दिवा लागेल, पण त्याचा अर्थ सांगणारा कोणी उरणार नाही. म्हणून गाडी जपणाऱ्यांनी तिच्या मेस्त्रीचे बोलणेही वहीत उतरवून ठेवावे, असे मला वाटते.