थ्रेडसमाप्ती : तपासणी आणि प्रतीक्षा
जावा भाषेत एखाद्या थ्रेडचे काम चालू आहे का, हे ‘इजअलाइव्ह’ने विचारता येते आणि ते संपेपर्यंत ‘जॉइन’ने थांबता येते. त्या कामाचा निकाल हवा असेल, तर थांबणेच योग्य. लूपमध्ये पुन्हापुन्हा विचारल्याने प्रोसेसरचा वेळ वाया जातो. शिवाय नकारार्थी उत्तर फसवे ठरू शकते, कारण अजून सुरूच न झालेला थ्रेडही तेच उत्तर देतो. काही काळ ‘स्लीप’ करून काम झाले असेल असे धरणे तर त्याहून वाईट. ‘जॉइन’ने समाप्ती कळली, की संपलेल्या थ्रेडने मेमरीत केलेले सर्व बदल दिसतील, अशी हमी भाषाच देते, ‘स्लीप’ला ती नाही.

‘जॉइन’मुळे वाट पाहणारा थ्रेड अडकून पडतो, हा आक्षेप खरा आहे, आणि स्क्रीन सांभाळणाऱ्या थ्रेडने ते टाळावेच. इतरत्र मिलिसेकंदांत मुदत द्यावी. मात्र 0 दिल्यास प्रतीक्षा अमर्याद होते. मुदतीचे ‘जॉइन’ काम संपल्याने परतले की वेळ संपल्याने, हे सांगत नाही. तपासणीची खरी गरज इथेच आहे: त्यानंतर ‘इजअलाइव्ह’ विचारलेच पाहिजे. जावा 19 पासून कालावधी घेणारे ‘जॉइन’ हे उत्तर स्वतःच देते आणि सुरू न झालेल्या थ्रेडवर वापरल्यास अपवाद फेकते.