खेळ संथ, पण घड्याळ कुणाचं?

वेगवान खेळ मुलांना बिघडवतात आणि संथ, डोकं चालवायला लावणारे खेळ घडवतात, असं पालकसभेत नेहमी ऐकायला मिळतं. उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस म्हणून मला या मताबद्दल आपुलकी आहे. भाषासुद्धा संथपणेच येते. पण संथ खेळांचा इतिहास तपासला तर ही सोपी विभागणी टिकत नाही. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही, वीस वर्षांपूर्वीचं नागपूर पुरेसं आहे.

मी बी.एड. करत होतो तेव्हा सीताबर्डीपासून मोमिनपुऱ्यापर्यंत सायबर कॅफे भरलेले असायचे. एका कोपऱ्यात गोळीबाराचे खेळ चालायचे, त्यांचा आवाज रस्त्यावर यायचा. दुसऱ्या कोपऱ्यात काही मुलं गुपचूप आकडे बघत बसलेली असायची. ती ब्राउझरवरचे डावपेचांचे खेळ खेळत होती. या खेळांचा उगम बहुतेक युरोपातला. नॉर्वेमधला ‘प्लॅनेटेरियन’ २००० सालचा. त्यात जग तासाला एक पाऊल पुढे सरकायचं. मग जर्मनीतून ‘ओगेम’ (२००२), ‘ट्रायबल वॉर्स’ (२००३) आणि ‘ट्रॅव्हियन’ (२००४) आले. ट्रॅव्हियनमध्ये तुम्हाला एक लहानसं गाव मिळतं. लाकूड, माती, लोखंड आणि धान्य जमवायचं, इमारती वाढवायच्या, सैन्य उभं करायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे. एक डाव काही महिने, कधी वर्षभर चालतो.

या खेळांची ओढ समजण्यासारखी होती. संगणकावर काही बसवावं लागत नसे. कॅफेचा मालक नवीन सॉफ्टवेअर टाकू देत नसे, तिथे फक्त ब्राउझर पुरायचा. यंत्र जुनं असलं, इंटरनेट रखडत असलं तरी अडत नसे. तासाचे पैसे मोजणाऱ्या मुलाला दहा-पंधरा मिनिटांत दिवसाचं राज्य चालवता येई. आणि त्या थोड्या वेळातही डोक्याला भरपूर काम असे. आपलं सैन्य किती अंतरावर आहे, त्याचा वेग किती, चार मित्रांच्या चार फौजा एकाच क्षणी वेशीवर पोहोचायच्या तर कुणी केव्हा निघायचं, हे गणित मुलं वहीच्या मागच्या पानावर मांडत. आघाडीतल्या अनोळखी लोकांना पत्रं लिहीत, धमक्या देत, तह करत. वर्गात निबंधाच्या चार ओळी न लिहिणारा मुलगा तिथे लांबलचक खलिता लिहायचा!

दूर बसलेल्या माणसाशी दिवसेंदिवस चालणारा डाव ही काही इंटरनेटची देणगी नव्हे. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांत पत्रांतून बुद्धिबळाचा सामना झाला आणि तो मद्रासने जिंकला. मद्रासच्या बाजूने खेळणाऱ्यांत गुलाम कासिम नावाचा खेळाडू होता. त्याने जेम्स कॉक्रेन यांच्याबरोबर म्युझिओ गॅम्बिट या डावपेचाचं विश्लेषण लिहिलं आणि ते १८२९ मध्ये मद्रासला छापलं गेलं. रेल्वे नव्हती, तारायंत्र नव्हतं. दोन शहरांतलं अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक, आणि मधल्या काळात पट जागच्या जागी थांबलेला. तुम्ही जेवा, झोपा, बाजारात जा, नमाज पढा, तुमचा घोडा कुणी मारत नाही. तुमचं उत्तर पोहोचल्याशिवाय समोरच्याला पुढे सरकताच येत नाही. पत्राने खेळायच्या बुद्धिबळाची गोडी या थांबण्यात होती.

ब्राउझरवरचा खेळही संथ होता, पण तो थांबत नव्हता. तुम्ही कॅफेतून उठून घरी गेलात तरी धान्य पिकत राही आणि शत्रूची फौज चालत राही. हल्ला रात्री तीनला पोहोचणार असेल तर तीनला जागं राहावं लागे. ओगेममध्ये झोपण्याआधी आपली जहाजं मुद्दाम लांबच्या फेरीवर पाठवायची, म्हणजे शत्रू आला तरी ती हाती लागणार नाहीत, अशी रीतच पडली. खेळाडूंनी त्याला वेगळं नावही दिलं होतं. ट्रॅव्हियनने तर आपल्या गैरहजेरीत गाव सांभाळायला दुसरा खेळाडू नेमण्याची अधिकृत सोय ठेवली. ज्या खेळात झोपायला जाताना पहारेकरी नेमावा लागतो, त्याला फुरसतीचा खेळ म्हणणं कठीण आहे. मोबाइलवर इंटरनेट आलं तेव्हा कॅफे बंद होण्याच्या वेळेचा उरलासुरला बांधही गेला. शिवाय आघाडीची भीड असे. मध्येच खेळ सोडला तर वीस साथीदारांचा घात होणार, म्हणून कंटाळा आला तरी माणूस अडकून राही. आणि वर्ष संपलं की सगळं पुसून नवा डाव सुरू.

संथपणाचा कंटाळा पूर्वीही होताच. जुन्या शतरंजमध्ये वजिराच्या जागेवरचा फिरजान तिरकं एकच घर चालायचा. त्यामुळे सुरुवात रेंगाळायची. अल-अदली आणि अस-सूली यांनी नवव्या-दहाव्या शतकात ज्या खेळावर ग्रंथ लिहिले, त्यात यावर उपाय होता तो ‘ताबिया’चा. ताबिया म्हणजे सोंगट्यांची ठरलेली मांडणी. खेळाडू तिथूनच डाव सुरू करत. दोघांना सवलत सारखीच. ब्राउझरच्या खेळांनीही उपाय काढला, पण तो विकत. खऱ्या पैशांनी खेळातलं सोनं घ्या आणि इमारत लवकर पूर्ण करा. आधी वाट पाहायला लावायचं आणि मग त्याच वाट पाहण्यातून सुटकेचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या ‘फार्मव्हिल’ने तो घराघरांत नेला. तिथे वेळेवर परत आलं नाही तर शेतातलं पीक वाळून जायचं.

बुद्धिबळ खेळावं की नाही, यावर मुस्लिम फकीहांनी शतकानुशतकं वाद घातला. अनेकजण कडक होते. शाफिई परंपरेत मात्र तो मकरूह, म्हणजे नापसंत मानला गेला, पण हराम ठरवला नाही. त्यासाठी अटी होत्या: पैसे लावू नयेत आणि खेळापायी नमाज चुकू नये. दुसरी अट मला फार शहाणपणाची वाटते. डाव संथ की वेगवान हे तिथे कुणी विचारत नाही. खेळ तुमच्या दिवसाची चौकट मोडतो का, एवढंच विचारलं जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. म्हणजे पहिल्या अटीचं सरकारने बघितलं. दुसरी अट कोणताही कायदा पाळून घेऊ शकत नाही, ती घरात आणि वर्गातच पाळली जाणार.

म्हणून सगळे ब्राउझर-खेळ बंद करा, असं मी म्हणणार नाही. पत्राच्या बुद्धिबळाचा वारसाही आज ब्राउझरवरच जिवंत आहे. ‘लिचेस’ या मोफत, जाहिरातमुक्त संकेतस्थळावर एका चालीला काही दिवस घेऊन खेळता येतं, आणि तोवर पट थांबून राहतो. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला. हंपीविरुद्धचा निकाल लागला जलद डावांत. म्हणजे नुसत्या वेगाला दोष देऊन चालणार नाही. त्या विजयानंतर अनेक घरांत पट निघाले आहेत. त्यातल्या मुलांना आंतरशालेय डाव खेळू द्या, रोज एक चाल, मधल्या सुट्टीत चर्चा करून.

मूल नवा खेळ दाखवायला आलं तर तो हिंसक आहे का, वेगवान आहे का, हे जरूर विचारा. पण त्याआधी एक प्रश्न विचारा: तू आठ तास झोपलास तर या खेळात तुझं काय होईल? ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर त्याच्या शेजारी बसा आणि चाली शिकून घ्या.