सणासुदीतलं खिन्न मन : स्तोत्र ४२ वर भाष्य

नाताळच्या आठवड्यात गोव्याकडे निघालेल्या गाड्या महाडजवळच्या वीर स्टेशनावरून खच्चून भरून जातात. चर्चमध्ये त्या दिवसांत आनंदाखेरीज दुसरं गाणं नसतं, आणि ज्याचं मन बसलं आहे त्याची पंचाईत होते. तारणारा जन्मला आणि तुझं तोंड असं का, हे कुणी उघड विचारत नाही. पण त्याला ते ऐकू येतं. अशा माणसाला गव्हाणीच्या कथेपेक्षा स्तोत्र ४२ जास्त उपयोगी पडतं, असं माझं मत आहे. नाताळात ते फारसं वाचलं जात नाही.

मथळा. नाव कोरहाच्या वंशजांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या घराण्याचं. खिन्नतेचं हे गाणं कुणा एकाच्या खाजगी वहीतलं नाही. उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायचं आहे. हिब्रू प्रतीत मथळ्यालाच पहिला क्रमांक असल्याने तिथे वचनांचे आकडे एकाने पुढे जातात. इथे मराठी बायबलातले घेतले आहेत.

वचने १ आणि २. तहानलेलं हरीण आणि वाहत्या पाण्याची ओढ. महाड-पोलादपूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चार महिने पाऊस नुसता कोसळतो आणि एप्रिल-मेमध्ये डोंगरातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. ओढ्याचं पात्र तिथेच असतं, नसतं ते पाणी. स्तोत्रकर्त्याचंही तसंच आहे. देव आहे याची त्याला शंका नाही. भेट होत नाही, हे दुखणं आहे. (महाडात तहानेवर लिहिताना २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतोच. पण तिथला अडसर माणसांनी घातलेला होता. या स्तोत्राशी त्याची सांगड घालायचा मोह आवरलेला बरा.)

वचन ३. अन्नाच्या जागी आसवं, तीही रात्रंदिवस. भूक गेली, झोप गेली, रडू थांबत नाही : डॉक्टर आजही या गोष्टी विचारतात. वर लोकांचा टोमणा, तुझा देव कुठे गेला? स्तोत्रात तो परके मारतात. आपल्याकडे घरचेच मारतात, फक्त शब्द बदलून. ‘प्रार्थनेत कमी पडतोस’ हा त्याचा चर्चमधला अवतार. राजांच्या पहिल्या पुस्तकातल्या १९ व्या अध्यायातला एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. विश्वास असेल तर गोळ्या कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चालू आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. तो फिरवणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे.

वचन ४. स्तोत्राचं मर्म इथे आहे, आणि नेमकं हेच वचन घाईने वाचलं जातं. त्याला आठवतो तो सण. गर्दीबरोबर, गात, देवाच्या घराकडे चाललेली मिरवणूक, आणि तिच्यात पुढे तो स्वतः. एरवी सहन होणारं दुःख सणाला सहन होत नाही, कारण सण दरवर्षी तोच असतो आणि माणसं तीच राहत नाहीत. गौरी-गणपती उरकल्यावर वीरच्या फलाटावर हे दिसतं. तांदळाची गोणी, नारळ, वालाची पिशवी असं सगळं डब्यात चढतं, हात हलतात, गाडी जाते. आणि पोचवायला आलेली म्हातारी माणसं लगेच घराकडे वळत नाहीत, बाकावर टेकतात. घरी गेल्यावर मखर उतरवायचं असतं.

पंडिता रमाबाईंची लेक मनोरमा २४ जुलै १९२१ ला गेली. त्या डिसेंबरात त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नाताळ आलाच असणार, आणि लेक गेल्यानंतरचा तो रमाबाईंचा पहिला आणि शेवटचा. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणणाऱ्या या बाईच्या हाताखालून हे वचनही गेलेलं आहे. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल, हे रंगवण्याचा अधिकार भाष्यकाराला नाही.

पाश्चात्त्य देशांतल्या काही चर्चमध्ये २१ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत लांब रात्री, शोकात असलेल्यांसाठी वेगळी उपासना होते. आपल्याकडे ती आणायला हरकत नाही. हे वचन तिथे शोभेल.

वचन ५. आता तो देवाकडून वळून स्वतःच्या जिवाशी बोलतो : का खचलास, का तळमळतोस? मनाला समोर बसवून बोलायची ही रीत मराठी माणसाला नवी नाही. समर्थांच्या मनाच्या श्लोकांनी ती घराघरांत नेली. आणि ज्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असं समर्थ संप्रदाय मानतो, ती याच महाड तालुक्यात आहे. फरक मात्र मोठा आहे. समर्थ मनाला शिकवतात. काय करावं, काय टाकावं हे गुरूच्या अधिकाराने सांगतात. स्तोत्रकर्ता आधी मनाला विचारतो, आणि मन उत्तर देत नाही. मग तो आशा धरायला सांगतो, पण ‘पुन्हा स्तुती करीन’ असं म्हणतो, ‘करतो आहे’ असं नाही. चर्चमधल्या हसऱ्या चेहऱ्यांना ही सवलत ठाऊक नसते.

वचन ६. पुढच्याच श्वासात, जीव खचला आहे. आधीच्या वचनाने काही बरं झालेलं नाही. यार्देन, हर्मोन ही उत्तरेची नावं. यरुशलेम दूर राहिलं आहे.

वचन ७. धबधब्यांचा गजर, डोक्यावरून गेलेल्या लाटा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट वाहून गेला, आणि २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. नंतर सात आठवड्यांनी गणपती आले. स्तोत्रकर्ता त्या लाटांना ‘तुझ्या’ म्हणतो, देवाच्या. ते त्याने स्वतःच्या लाटांबद्दल म्हणावं. तळियेच्या माणसाला दुसऱ्या कुणी ते ऐकवलं, तर तो वचन तीनमधल्या टोमणेखोरांच्या रांगेत गेला.

वचन ८. दिवसा कृपा, रात्री गीत. संबंध स्तोत्रात एवढंच निवांत वचन, आणि तेही टिकत नाही.

वचने ९ आणि १०. ज्याला खडक म्हणायचं त्यालाच विचारायचं, मला विसरलास का? रागही प्रार्थनेत बसतो, हे इथे दिसतं. हाडं मोडल्यासारखी वेदना आणि तोच जुना टोमणा पुन्हा. दुःख अंगात उतरतं हे त्याला ठाऊक आहे.

वचन ११, आणि पुढे स्तोत्र ४३. पाचव्या वचनातला प्रश्न पुन्हा येतो. त्रेचाळिसाव्याला मथळा नाही आणि पालुपद तेच, म्हणून पुष्कळ अभ्यासक दोन्ही मिळून एकच रचना मानतात. तिथे चौथ्या वचनात तो वेदीपाशी जाण्याचं, वीणेवर स्तुती करण्याचं बोलतो. पण क्रियापदं भविष्यातली आहेत, आणि लगेच पाचव्या वचनात जिवाला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला जातो.