तांबे, यकृत आणि तारकापेशी

द्राक्षावरील केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, हे निफाडच्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागत नाही. मोरचूद आणि चुना यांच्या या मिश्रणातले बुरशीला मारणारे द्रव्य म्हणजे तांबे. आपल्या शरीरालाही तांबे लागते, पण अत्यल्प. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही मुलांच्या यकृताला हे काम जमत नाही. दोष जनुकातला असतो. फवारणीशी त्याचा संबंध नाही.

लंडनच्या सॅम्युएल विल्सन यांनी 1912 मध्ये अशा तरुण रुग्णांचे वर्णन केले. हात कापतात, बोलणे अडखळते, अंग ताठरते. शवविच्छेदनात मेंदूचा एक भाग नष्ट झालेला आणि यकृत मात्र आक्रसून कडक झालेले! यकृतातून एखादे विष मेंदूत जात असावे, असा विल्सन यांचा तर्क होता.

त्याच वर्षी जर्मनीत अलॉइस आल्झायमर (होय, विस्मरणाच्या रोगाला ज्यांचे नाव आहे तेच) आणि फॉन ह्योसलिन यांना अशाच रोगात एक वेगळी गोष्ट दिसली. मेंदूतील तारकापेशींची, म्हणजे ॲस्ट्रोसाइटची, केंद्रके फुगून फिकट झाली होती. या पेशी तोवर भरताड समजल्या जात. 1856 मध्ये फिर्को यांनी चेतापेशींमधल्या या द्रव्याला चिकटवणारा डिंकच मानले होते. पुढे इतर कारणांनी यकृत निकामी झालेल्या रुग्णांच्या मेंदूतही तशीच फुगीर केंद्रके सापडली. यकृताच्या दुखण्याची खूण चेतापेशींपेक्षा तारकापेशींवर अधिक ठळक होती.

असे का? तारकापेशींचे पाय केशवाहिन्यांना वेढून असतात. यकृत थकले की रक्तात अमोनिया साचतो. तो तारकापेशी ग्लुटामेटशी जोडून ग्लुटामिन बनवतात. त्यामागे पाणी आत येते आणि पेशी फुगते. तांबेही त्या प्रथिनांत बांधून ठेवतात. हा साठा पेलेनासा झाला की चेतापेशींना झळ लागते, असे आज मानले जाते. डिंकाला एवढे काम कोण सांगेल?

रुग्णांच्या यकृतात व मेंदूत तांबे भरमसाट असते हे कमिंग्ज यांनी 1948 मध्ये दाखवले. 1956 मध्ये वॉल्श यांनी तांबे लघवीवाटे काढणारे पेनिसिलामीन वापरात आणले आणि असाध्य रोग आटोक्यात येऊ लागला. मुंबईच्या दस्तूर, मंघाणी आणि वाडिया यांनी 1968 मध्ये भारतातील 16 कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सदोष जनुक 1993 मध्ये सापडले. ते आई आणि वडील दोघांकडूनही आले तरच रोग होतो. म्हणून मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत त्याची शक्यता वाढते.

शिक्षकांनी हे वाचावे असे वाटते ते एका कारणाने. रोग अनेकदा शाळेच्या वयातच डोके वर काढतो. चांगले अक्षर वेडेवाकडे होते, लाळ गळते, अभ्यास घसरतो, स्वभाव बदलतो. अशा मुलाला आळशी म्हणून शिक्षा होते किंवा घरचे बाहेरची बाधा समजतात. बुबुळाच्या कडेला हिरवट-तपकिरी कडे दिसते, पण ते बहुधा नेत्रतज्ज्ञाच्या उपकरणातूनच. रक्ताची आणि चोवीस तासांच्या लघवीची तपासणी निदानाला मदत करते. औषध जन्मभर घ्यावे लागते; लवकर सुरू झाले तर मूल पुष्कळदा सावरते. एका मुलात रोग सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचीही तपासणी व्हायला हवी, कारण त्यांच्यात तो असण्याची शक्यता चारात एक असते.