‘व्हिडिओड्रोम’ : विष चित्रात की यंत्रात?

भुताखेतांचे चित्रपट माणसे पाहतात आणि घरी येऊन विसरतात. परंतु घरातल्या दूरचित्रवाणी संचालाच भुताचे रूप देणारा ‘व्हिडिओड्रोम’ हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. धंद्याच्या दृष्टीने तो पडला, खर्चही निघाला नाही. तरीही चाळीस वर्षांनंतर त्याचा अभ्यास होतो. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधण्यास कॅनडातील टोरोंटो शहरी गेले पाहिजे. तेथील विद्यापीठात प्राध्यापक मार्शल मॅक्लूहन शिकवीत असत. साधने ही माणसाच्या अवयवांचाच विस्तार होत, आणि माध्यमातून काय सांगितले जाते याहून ते माध्यमच माणसाला अधिक घडविते, असे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. चित्रपटाचे दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग हे याच विद्यापीठाचे १९६७ चे पदवीधर. पुढे १९७२ साली त्याच शहरात ‘सिटी टीव्ही’ हे छोटे केंद्र निघाले आणि रात्री उशिरा प्रौढांसाठीचे चित्रपट दाखवून गाजले. सिद्धान्त आणि दुकान अशी दोन्ही एकाच गावात नांदत होती. ‘व्हिडिओड्रोम’ने त्यांची गाठ घातली.

नायक मॅक्स रेन असेच एक केंद्र चालवितो. गिऱ्हाईक टिकावे म्हणून अधिकाधिक उग्र दृश्ये हुडकीत असता त्याला एक चोरटे प्रक्षेपण सापडते. त्यात कथा नाही, केवळ छळ आहे. ते दूर मलेशियातून येते असे त्याला प्रथम सांगण्यात येते. निघते ते शेजारच्या अमेरिकेतील पिट्सबर्गहून! ते पाहणाऱ्याच्या मेंदूत गाठ वाढते, त्याला भास होऊ लागतात. मॅक्सच्या पोटाला भेग पडते आणि तिच्यात कॅसेट खुपसून त्याला हुकूम दिले जातात. रिक बेकर यांच्या रंगभूषेने हे सारे अंगावर काटा यावा इतके खरे केले आहे. माणसाचे साधन म्हणून निघालेले यंत्र माणसालाच आपले साधन करते.

परंतु खरी मेख पुढेच आहे. गाठ उत्पन्न करणारा संदेश छळाच्या दृश्यांतच असतो असे नाही; तो कोणत्याही निरुपद्रवी चित्राखाली दडविता येतो. शिवाय तो पसरविणारे लोक स्वतःला नीतीचे रक्षक समजतात. असले पाहणारे नष्टच व्हावेत, अशी त्यांची इच्छा! त्यांच्या तावडीतून मॅक्सला सोडविणारी बियांकाही त्याला पडद्यावाटेच नवी आज्ञा देते. शत्रूचा आणि तारणहाराचा मार्ग एकच ठरतो.

काय पाहावे आणि काय पाहू नये, या वादात आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या गुंतला आहे. तो वाद व्यर्थ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कात्री चित्रावर चालते, लहरीवर चालत नाही. आता पडदा दिवाणखान्यातून खिशात आला आहे. त्यावर काय दिसते हे विचारण्यापूर्वी, तो आपल्याकडून काय करवून घेतो आणि कोणासाठी, हे विचारणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते.