रूपविकारी ताऱ्यांची नावे

हुबळी आणि धारवाड यांच्या मध्यावर वसलेल्या आमच्या नवनगरात मार्गशीर्षातील एका रात्री आम्ही विद्यार्थ्यांस आकाश दाखवीत होतो. वृषपर्वा, शर्मिष्ठा, देवयानी, ययाति ही महाभारतातील मंडळी उत्तरेकडे आपापल्या जागी होती. तारकापट पाहून एका मुलाने विचारले, "गुरुजी, समूहांची नावे इतकी रसाळ, मग काही ताऱ्यांना 'आर', 'आरआर' अशी कोरडी अक्षरे का?"

प्रश्न मार्मिक होता. ज्यांचे तेज कमीअधिक होते ते रूपविकारी तारे. तिमिंगल समूहातील असा एक तारा १५९६ साली फाब्रिसियुसने पाहिला. हेवेलियसने पुढे त्यास 'मीरा', म्हणजे अद्भुत, असे नाव दिले. परंतु प्रत्येक ताऱ्याच्या वाट्यास असे विशेषण कोठून येणार? बायरने १६०३ च्या आपल्या नकाशात ताऱ्यांना ग्रीक व रोमन अक्षरे दिली होती. मात्र 'क्यू'च्या पुढील अक्षरे मोकळी राहिली. एकोणिसाव्या शतकात आर्गेलांडर या जर्मन ज्योतिर्विदाने तीच उपयोगात आणली. समूहात प्रथम सापडलेल्या निनावी रूपविकारी ताऱ्यास 'आर', दुसऱ्यास 'एस', याप्रमाणे 'झेड'पर्यंत नऊ नावे झाली. ती लवकरच अपुरी पडली. मग 'आरआर'पासून 'झेडझेड'पर्यंत जोडाक्षरांची ४५, आणि 'जे' वगळून 'एए'पासून 'क्यूझेड'पर्यंत २८० नावे आली. एकूण ३३४ संपल्यावर 'व्ही ३३५' अशी अंकांची रांग सुरू झाली. ज्यांना बायरचे अक्षर पूर्वीच लाभले होते त्यांचे मात्र तेच राहिले.

या पद्धतीत शिस्त आहे आणि निःपक्षपातही आहे. राजा असो वा रंक, कोणाच्याही शोधास पुढचेच अक्षर मिळते. पण याच न्यायाने शोधणारा मनुष्य नावातून पुसला जातो. जालक समूहातील 'आर' तारा घ्या. सुमारे २७८ दिवसांच्या आवर्तनाने उजळणारा हा तारा १८६७ साली मद्रास वेधशाळेतील चिंतामणी रघुनाथाचारी यांनी शोधला. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर कानडीतही पुस्तिका सिद्ध करणारे हे गृहस्थ. पण 'आर' या अक्षरात त्यांचा मागमूस नाही.

यात अक्षराचा दोष नाही, असे आम्हांस वाटते. अक्षराचे काम तारा ओळखविणे एवढेच; माणसाची आठवण ठेवणे हे इतिहासाचे, आणि वर्गात इतिहास सांगणारांचे काम आहे. ते आपण टाळले, तर वेधशाळेतील ती जागलेली रात्र पुन्हा अंधारात जाईल.

त्या रात्री आम्ही मुलांस दक्षिण क्षितिज दाखविले. तो तारा दुर्बिणीवाचून दिसणारा नव्हता. म्हणून त्या दिशेकडे बोट करून आम्ही फक्त रघुनाथाचारींचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वहीत 'आर'पुढे ते लिहिलेले आढळले.